कोंढ्याच्या चुली मोजताना

कोंढ्याला कुणी जाणार असाल, तर एका प्रश्नाचं उत्तर घरूनच तयार करून न्या: तुमच्या घरात माणसं किती? मी तिथे हाच प्रश्न लोकांना विचारायला गेले होते. पहिल्याच दिवशी तो मला विचारला गेला आणि त्याच्या पुढच्याच प्रश्नाला मी चक्क बोटं मोजत बसले.

माझं काम पुण्यात, एका संस्थेत, टेबलापाशी. देशाला वीज किती लागते, गॅस किती, डिझेल किती आणि पुढे किती लागेल, याचे तक्ते मी करते. माणसं शेतीतून कारखान्यात गेली, कारखान्यातून दुकानात आणि ऑफिसात गेली की हे आकडे कसे हलतात, ते लोकांना समजावून सांगते. त्यातला माझा लाडका मुद्दा म्हणजे घरांची संख्या. माणसं वाढतात त्याहून वेगानं घरं वाढतात. एकत्र घर फुटलं की माणूस एकही वाढत नाही, पण फ्रिज दोन, टीव्ही दोन, मिक्सर दोन. यावर मी व्याख्यानं दिली आहेत. टाळ्याही मिळवल्या आहेत. फक्त फुटलेलं घर मी आत जाऊन एकदाही पाहिलेलं नव्हतं. आमच्या साहेबांच्या हे बरोबर लक्षात आलं. म्हणाले, "तुम्ही पंधरा दिवस जाऊन घरं मोजूनच या. टॅब्लेट देतो."

टॅब्लेटवरच्या फॉर्मचा पहिला नियम माझाच होता: एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. एक माणूस एकाच कुटुंबात. हे वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःला एक कप चहा पाजला होता, इतकं ते मला आवडलं होतं.

लाखांदूर

पुणे ते नागपूर आणि नागपूर ते पवनी हा प्रवास सगळ्यांनी केल्यासारखाच असतो, तो सोडून देते. पवनीच्या स्टँडवर मला मंदा शेंडे भेटल्या. या कोंढ्याच्या. बचतगट चालवतात आणि तालुक्यात कुठलाही सर्व्हे आला की तो यांच्याच हाताखालून जातो. बांधा बारीक, आवाज मोठा, पर्समध्ये चार रंगांची पेनं.

"मी आजवर संडास मोजले, विहिरी मोजल्या, बकऱ्या मोजल्या," त्या म्हणाल्या. "ऊर्जा पहिल्यांदाच मोजून राहिली. ते बसते का जी एका जाग्यावर?"

लाखांदूरच्या एसटीत माझ्या शेजारी एक शेतकरी बसले होते. मांडीवर मिक्सरचं नवं खोकं, आणि त्यावर दोन्ही हात, तान्हं मूल धरावं तसे. माझ्यातली संशोधक लगेच जागी झाली.

"घरी मिक्सर नव्हता का?"

"आहे ना. मोठ्या सुनेचा आहे. हा लहानीचा."

"मग एकाच मिक्सरवर दोघींचं भागत नाही?"

"मोठीच्या मिक्सरात लहानीनं चटनी केली का लय आवाज येते."

"मिक्सरचा?"

"मोठीचा."

मागच्या सीटवरून मंदाताई मोठ्यानं हसल्या. मी मात्र वहीत गंभीरपणे 'आवाज' असं लिहून घेतलं.

दिवस हिवाळ्याचे. धान कापून झालेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे धानाचे छोटे छोटे चौकोन, रिकाम्या पडलेल्या, आणि त्यांच्या कडेच्या धुऱ्यांवर तुरी उभ्या. लाखांदुरात उतरल्यावर मी तर्री-पोहे मागवले. पुण्यात पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर पडते. इथे वरून जे ओततात त्याला तर्री म्हणतात, आणि ती पडल्यावर पोहे दिसेनासे होतात. दोन घासांनंतर मलाही काही दिसेना. पहिल्या तीन घरांची मुलाखत मी उचक्या देत घेतली. त्या माणसांना दया आली असावी, कारण त्यांनी सगळी उत्तरं भराभर, न भांडता दिली. संध्याकाळी मी मंदाताईंना म्हटलं, "हे काम सोपं आहे हो."

"कोंढा व्हायचा आहे अजून," त्या म्हणाल्या.

कोंढा

मुक्काम मंदाताईंकडे होता. रात्रीच्या जेवणात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि भात होता. मग पुन्हा भात, आणि नंतर थोडा भात. आमच्याकडे दोन पोळ्या झाल्यावर मूदभर भात घेतात. इथे पोळी पाहुण्यासारखी ताटाच्या कडेला बसलेली असते आणि घर भाताचं असतं. मी तिसऱ्यांदा 'पुरे' म्हटलं तेव्हा मंदाताईंनी काळजीनं विचारलं, "तब्येत बरी नाई का?"

सकाळी कडाक्याची थंडी होती. मंदाताईंकडे अंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर, तुराट्यांच्या जाळावर तापतं. त्यांना कशाला त्रास, म्हणून मी पुण्याहून आणलेला हीटरचा रॉड बादलीत सोडला आणि बटण दाबलं. 'फट्' असा आवाज झाला. आतल्या खोलीतला टीव्ही गेला, पंप गेला आणि स्वयंपाकघरातून मंदाताईंच्या यजमानांचा आवाज आला, "लाइन गेली वो!"

फ्यूज बांधायला अर्धा तास लागला. पण बातमीला तेवढाही वेळ लागला नाही. आम्ही स्कूटीवरून गल्लीत शिरलो तेव्हा पहिल्याच ओट्यावर बसलेली बाई शेजारणीला म्हणाली, "हेच ते. ऊर्जावाली बाई. आली अन् लाइन गेली."

अशा प्रतिष्ठेसह मी तितिरमाऱ्यांच्या घरात पाऊल टाकलं.

घर मोठं, कौलारू. पण अंगणाच्या मधोमध कमरेइतकी नवी विटांची भिंत. पुढे बांधायची राहून गेली की थांबवली, ते कोणी सांगेना. भिंतीच्या डावीकडे थोरला मुलगा देविदास आणि त्याची बायको रेखा. हे शेती करतात. उजवीकडे धाकटा नरेश आणि त्याची बायको वैशाली. नरेश तुमसरला राइस मिलमध्ये बॉयलरवर आहे, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. दोन्ही जोड्यांना दोन-दोन मुलं. आणि त्या भिंतीवरच, दोन्हीकडे एकेक पाय सोडून, घोड्यावर बसावं तसे बसले होते सुकराम आबा. दोघांचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, डोक्याला कानटोपी, अंगावर स्वेटर, खाली धोतर.

मी डावीकडून सुरुवात केली. एक फ्रिज, एक टीव्ही, एक मिक्सर, एक गॅस, एक मोठी चूल. मग उजवीकडे गेले. एक फ्रिज, एक टीव्ही, एक मिक्सर, एक गॅस, एक इंडक्शनची शेगडी. दोन्ही टीव्हींवर एकच मालिका चालू होती. उजवीकडचा आवाज अर्धा क्षण मागे होता, त्यामुळे मालिकेतली सासू प्रत्येक वाक्य दोनदा बोलत होती. मला अगदी माझ्या तक्त्यात शिरल्यासारखं वाटलं.

"वेगळं व्हायचं कारण काय झालं?" मी वैशालीला विचारलं. हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.

मला वाटलं होतं, भांडण ऐकायला मिळेल. ती शांतपणे म्हणाली, "भांडन नाई जी. त्यायच्या शेतात धानाचा रोवना राहिला का ताई पंधरा-वीस मजूर बायाइचा सयपाक करते. मोठा गंज, मोठी चूल, दुपारी दोनले जेवन. माह्या पोराइची शाळेची गाडी सकाळी सातले येते. हे घरी आले का मिलच्या टायमानं जेवतात. एका चुलीवर दोन टायम कसे बसन?"

भिंतीपलीकडून रेखा म्हणाली, "बरोबर म्हनते ते. माह्या वरनाले घाई चालत नाई."

मी लिहायचं थांबले. शेती आणि कारखाना हे माझ्या तक्त्यात दोन वेगवेगळे रकाने असतात, आणि घरं हा तिसरा. या दोघींनी दोन वाक्यांत तिन्ही रकाने एकमेकांत मिसळून दाखवले. मी व्याख्यानात हे कधीच सांगितलं नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं.

मग वळले आबांकडे. "आबा, तुम्ही कोणाकडे जेवता?"

"सकाळी डाव्याकडं. संध्याकाळी उजव्याकडं."

टॅब्लेटनं हे स्वीकारलं नाही. मी डावीकडे आबांचं नाव टाकलं, ते गेलं. उजवीकडेही टाकलं, तर लाल अक्षरं आली: ही व्यक्ती आधीच नोंदवली आहे. मी अर्धा आबा टाकून पाहिला. अपूर्णांक चालत नव्हता. शेवटी डावीकडचं नावही खोडलं.

"एकाच घरात लिहावं लागेल," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं. "कोणाकडे लिहू?"

"ताईकडं लिवा ना," वैशाली म्हणाली. मोठ्या जावेचा मान म्हणून.

"छ्या, त्यायच्यातच लिवा," रेखा म्हणाली. धाकटीला वाईट वाटू नये म्हणून.

"वैशालीकडंच लिवा मॅडम," देविदासनंही भर घातली.

तिघंही सभ्यतेनंच बोलत होते, शपथेवर सांगते. पण आबा मध्ये बसले होते. त्यांना इकडून ऐकू आलं 'तिकडे', आणि तिकडून ऐकू आलं 'तिकडे'. त्यांनी दोन्ही पाय एकाच बाजूला घेतले, ती बाजू कोणती हे मी मुद्दाम पाहिलं नाही, आणि खाली उतरून पडवीत जाऊन बसले.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांच्याजवळ जाऊन बसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "फॉर्मच तसा आहे, आबा."

"तुमच्या घरी किती माणसं जी?"

"तीन. मी, मिस्टर, मुलगी."

"सगळे पुन्याले?"

"मी पुण्यात. मिस्टरांची नोकरी बंगळूरला. मुलगी दिल्लीला शिकते, खोली घेऊन राहते."

"फ्रिज किती?"

इथे मी बोटं मोजली. मोजायची गरज नव्हती, पण वेळ हवा होता. "तीन."

"तीन मानसाइले तीन?" आबांचे डोळे चमकले. "वॉशिंग मशीन?"

"...तीन."

आबा आधी गालातल्या गालात हसले, मग कानटोपी काढून मांडीवर आपटत हसले. "देविदास! अरे इकडं ये! आपन नऊ मानसं दोन फ्रिजात आहो, अन् हे बाई आपल्याले मोजाले आली!"

संध्याकाळपर्यंत माझे तीन फ्रिज गावभर झाले होते.

कोंढा, दुसरा दिवस

फॉर्ममध्ये एक निरुपद्रवी प्रश्न आहे. 'फ्रिज नसल्यास येत्या काळात घेण्याचा विचार आहे का?' पहिल्या दिवशी मी तो ज्या ज्या घरी फ्रिज नव्हता तिथे विचारला होता. पुण्यात त्याचा अर्थ एक होतो. कोंढ्यात रात्रीतून दुसरा झाला. 'पुन्याची बाई, जिच्या घरी तीन-तीन फ्रिज आहेत, ते विचारून राहिली का तुमाले फ्रिज पायजे का.' आणि त्याला जोडून: 'दर चुलीमागं एक फ्रिज.'

सकाळी बाहेर आले तर गावावर धुराचा पातळ थर. म्हटलं, थंडी आहे, शेकोट्या असतील. मंदाताईंनी नाक वर करून वास घेतला आणि म्हणाल्या, "शेकोटी नाई. ह्या चुली आहेत."

खरंच चुली होत्या. गल्लीतल्या जवळपास प्रत्येक अंगणात तीन विटा मांडलेल्या, त्यात दोन काटक्या पेटवलेल्या, आणि वर रिकामं पातेलं. काल ज्यांनी हसत हसत 'आम्ही सगळे एकत्र' असं लिहून दिलं होतं, ते भाऊ आज एकमेकांना पाठ करून आपापल्या विटांपाशी बसले होते. एका घरात नुकतंच लग्न झालेलं जोडपं. नवऱ्याची चूल ओट्याच्या या टोकाला, बायकोची त्या टोकाला.

"तुम्ही दोघं वेगळे राहता?" मी विचारलं.

"हाव जी," तो म्हणाला.

"कधीपासून?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडाशी धरून हसत होती. "चाहा झाल्यापासून," तो म्हणाला.

एका आजींनी स्वतःची चूल तर मांडलीच होती, वर शेजारी आणखी एक छोटी, दोन विटांची. ही कोणाची, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मालकाची." मालक कुठे आहेत? आजींनी भिंतीवरच्या, हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवलं. "त्यायले थंड पानी लय आवडे."

मी टॅब्लेट मिटला. देशात घरांची संख्या का वाढते, या विषयावर मी आयुष्याची वीस वर्षं घालवली, आणि ती मीच एका सकाळीत दुप्पट करून ठेवली होती. तेही एकाही माणसाची भर न पडता. माझा लाडका मुद्दा इतक्या पुराव्यानिशी कोणी सिद्ध केला नसेल.

तितिरमाऱ्यांकडे तर वेगळंच चाललं होतं. फ्रिज त्यांच्याकडे होतेच. पण 'ज्या चुलीवर माणसं जास्त, तिले मोठा भेटन' अशी एक सुधारित आवृत्ती तिथे पोचली होती. रेखा ताट घेऊन भिंतीच्या डावीकडे उभी. वैशाली ताट घेऊन उजवीकडे. वेळ सकाळी दहाची.

"मामाजी, माह्याकडचं वरन गरम आहे!"

"मामाजी, मी तुमच्यासाठी झिंग्याची चटनी केली!"

आबा पुन्हा भिंतीवर होते. त्यांनी आधी डावीकडचं ताट संपवलं. मग वळून उजवीकडचं संपवलं. मग ढेकर दिली, आणि कोणाकडेच न पाहता म्हणाले, "काल मी कोनाचाच नव्हतो."

दोघींचे हात ताटांवर तसेच राहिले. रेखानं मान खाली घातली. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात अंगणात निम्मी गल्ली गोळा झाली, कारण मी आत शिरल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं आणि वाटप इथूनच सुरू होणार असा समज होता.

मंदाताई भिंतीवर चढल्या. आबांच्या शेजारी उभ्या राहून त्यांनी आपला सगळा आवाज वापरला. "ऐका वो! कोनालेच फ्रिज भेटनार नाई! हे बाई काईच देत नाई! हे फकस्त मोजून राहिली!"

दोन्हीकडच्या टीव्हींवर मालिकेतली सासू तेवढी दोनदा रागावली.

"मंग काहून मोजून राहिली?" मागून कोणीतरी विचारलं.

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "पुढे देशाला वीज किती लागेल, ते कळावं म्हणून."

"त्याच्यासाठी मोजाले कायले पायजे?" नवी नवरी म्हणाली. कालपासून तिचं हे पहिलंच वाक्य. "आमाले विचारा ना. जास्त लागन!"

गल्ली हसत सुटली. हसता हसता मंडळी घरी गेली, आणि मी परतताना पाहिलं तर विटा पुन्हा गाईच्या गोठ्याशी, कडेला रचल्या जात होत्या. आजींनी मात्र दोन्ही चुली ठेवल्या. मोठी पाणी तापवायला बरी पडते म्हणाल्या. लहानीचं काही बोलल्या नाहीत.

राग कोणी धरला नाही. उलट मला चार घरी चहा झाला. त्या नवरीनं तर कोहळ्याचे बोंड दिले, गोड, काठाला कुरकुरीत. असे मी सहा खाल्ले. पण आबांचं नाव अजून कुठेच नव्हतं. मी रात्री जेवताना मंदाताईंना म्हटलं, "त्यांना वगळून टाकू का फॉर्ममधून?"

"वगळू नका," त्या म्हणाल्या. "ते काल एकदा झालं."

दुसऱ्या दिवशी मला तुमसरला जायचं होतं, नरेशची मिल पाहायला. सकाळी स्टँडवर पोचले तर आबा आधीच तिथे. धुतलेलं धोतर, तीच कानटोपी, काखेत पिशवी. पिशवीत रेखाच्या वड्या आणि वैशालीची चटणी.

"मी येतो," ते म्हणाले. "नरेश बारा वर्सं झाले तुमसरले आहे. मी त्याची मिल पाह्यली नाई."

बसमध्ये कंडक्टरनं कुठे चाललात म्हणून विचारलं, तर आबांनी साऱ्या बसला ऐकू जाईल असं सांगितलं, "तुमसर! मी सर्व्हेतून उरलो आहो!"

तुमसर

भंडाऱ्याला बस बदलून आम्ही दुपारी तुमसरला उतरलो. धानाच्या पोत्यांनी भरलेले ट्रक, बाजारात धान, हवेत कोंडा, आणि मिलच्या आवारात शिरताच मला शिंका सुरू झाल्या. त्या शेवटपर्यंत थांबल्या नाहीत. तेव्हा पुढचं सगळं दोन शिंकांच्या मधल्या वेळात पाहिलेलं आहे असं समजा.

नरेश बाहेर आला. पस्तिशीचा, भुवयांवरसुद्धा राख. वडिलांना पाहून तो घाबरला. "काय झालं? घरी सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत," आबा म्हणाले. "तुहं काम दाखव."

त्यानं दाखवलं. धान भिजवतात, वाफेवर उकडतात, वाळवतात, मग भरडतात, तेव्हा उकडा तांदूळ होतो. वाफ बॉयलरमधून येते. बॉयलरच्या तोंडात काय घालतात म्हणून मी पेन सरसावून विचारलं. कोळसा, डिझेल, वीज, माझे रकाने तयार होते.

"तूस," नरेश म्हणाला. धानावरचं टरफल.

आबा त्या लाल तोंडासमोर बराच वेळ उभे राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "म्हनजे धानाच्याच कपड्यावर धान शिजून राहिला! वा रे लेका!" मग प्रत्येक मशीनपाशी थांबून त्यांनी "हे काय खाते?" असं विचारलं. मोटारी वीज खातात म्हटल्यावर जरा नाराज झाले; बॉयलर आपल्या गावचा आहे आणि मोटारी सासरहून आल्या आहेत, असा त्यांचा सूर होता.

"घरी हे काम तुही आई करे," ते नरेशला म्हणाले. "मुसळानं. पहाटे उठून. तिनं किती वीज खाल्ली असन?"

माझ्या कुठल्याच तक्त्यात त्या माउलीचे हात नाहीत. शिंकेच्या निमित्तानं रुमाल तोंडाशी धरला, एवढंच.

शिफ्ट चारला सुटली. नरेश आम्हाला त्याच्या खोलीवर घेऊन गेला. मिलच्या मागच्या गल्लीत, एक दार, एक खिडकी. आत एक खाट, एक बल्ब, एक पंखा, विजेचा छोटा राइस कुकर. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर शनिवारांना गोल केलेले. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक गिलास, तिन्ही धुऊन पालथे घातलेले.

सवयीनं मी टॅब्लेट उघडला. हेही घरच होतं. आठवड्यातले पाच दिवस इथली चूल वेगळी पेटत होती, आणि मी कोंढ्याला नरेशला वैशालीच्या चुलीवर लिहून मोकळी झाले होते.

आबांनी ते ताट उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. "एकच?"

"एकटाच आहो ना बाबा."

"संध्याकाळी काय करतो?"

"भात लावतो. खातो. झोपतो."

"रोज?"

नरेशनं खांदे उडवले. तो हसला, पण ते हसू कोणासाठी आहे हे त्यालाही ठरवता येत नव्हतं.

आबा खाटेवर बसले. कानटोपी काढली. मला म्हणाले, "बाई, मले इथं लिवा."

"आबा, इथं राहणार असाल तरच लिहिता येईल. एका दिवसासाठी नाही."

"राहीन ना. रोवन्याच्या टायमाले देविदासकडं जाईन. बाकी इथं."

"बाबा, इथं तुमाले करमनार नाई," नरेश घाईनं म्हणाला. "दिवसभर मी मिलमधी. ना अंगन, ना ओळखीचं कोनी."

"तुले करमते का?"

नरेशनं मांडणीवरची वाटी उगाच सरळ केली, मग पुन्हा पालथी घातली.

मी नरेशला वैशालीच्या चुलीवरून काढून इथे घेतलं, आणि त्याच्याखाली आबांना लिहिलं. नाव, सुकराम. वय, अठ्ठ्याहत्तर. व्यवसाय काय लिहू म्हणून विचारलं तर आबा म्हणाले, "लिवा, सोबत." सोबती लिहायचं का म्हटलं, तर "तेच ते." टॅब्लेटनं या वेळी काही तक्रार केली नाही. या चुलीवर माणसं दोन.

नरेशनं तांदूळ धुतले, कुकर लावला. आबा त्याच्यासमोर मांडी घालून बसले, कारण कोणी लक्ष न देता शिजणारा भात त्यांना पसंत नव्हता. कुकरचं बटण 'टक' करून वर आलं तेव्हा ते दचकले.

"झाला," नरेश म्हणाला.

"तुले कोनं सांगितलं?"

"त्यालेच समजते बाबा."

झाकण उघडून, एक शीत बोटांत दाबून, आबांनी मान हलवली. मग अडचण आली. ताट एक, माणसं तीन. आबांनी ताट नरेशपुढे सरकवलं, स्वतः कुकरचं झाकण उलटं करून घेतलं, आणि मला वाटी मिळाली. वड्या निघाल्या, चटणी निघाली. झाकणाला कड नसल्यामुळे आबांचा भात सारखा धोतरावर जात होता, आणि प्रत्येक वेळी ते झाकणाला एक शिवी देत होते.

"उद्या तुमच्यासाठी एक ताट आनतो," नरेश म्हणाला.

"एक कायले? चार आन," आबा म्हणाले. "देविदास, रेखा अन् वैशाली मले पाह्याले येतीन तर काय उभ्यानं जेवतीन?"